माळ्यावरच्या रुमालांतून महाराष्ट्राचा इतिहास बाहेर काढणारे इतिहासाचार्य राजवाडे

गावात पाटलाचा, देशमुखाचा नाहीतर इनामदाराचा एखादा जुना वाडा असतोच. दिंडी दरवाजा, देवडी, मधे चौक, चौकाभोवती सोपा, वर माडी आणि माडीच्याही वर अंधारा माळा. त्या माळ्यावर मोडका पाळणा असतो, घंगाळ असतं, गंजलेली तलवार असते. आणि कधीकधी एका कोपऱ्यात जाड्याभरड्या कापडात बांधलेली कागदांची गाठोडी असतात. जुने लोक या गाठोड्यांना रुमाल म्हणत. एका घराण्याचे असे सगळे रुमाल मिळून त्या घराण्याचं दप्तर.

सव्वाशे वर्षांपूर्वी असे माळे शोधत एक माणूस गावोगाव फिरत होता. अंगावर साधे कपडे, खिशात पैसे बेताचेच. जुना वाडा दिसला की तो मालकाकडे एकच गोष्ट मागायचा, ती म्हणजे जुने कागद बघायला मिळावेत. सोनं नको, जमीन नको, फक्त कागद. त्या माणसाचं नाव विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. पुढं सगळा महाराष्ट्र त्यांना इतिहासाचार्य म्हणू लागला.

आज शिवाजी महाराजांचं एखादं पत्र मोबाईलवर फिरत येतं, पानिपतावर सिनेमा निघतो, पेशवाईवर मालिका येते. या सगळ्याच्या मुळाशी जी अस्सल कागदपत्रं आहेत, त्यातली कितीतरी या माणसाने वाड्यावाड्यांतून उचलून, वाचून, छापून ठेवली म्हणून आपल्यापर्यंत पोचली.

वरसईचा मुलगा

राजवाड्यांचा जन्म १८६३ सालचा, रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यात, वरसई या गावी. वडील लहानपणीच गेले. शिक्षण पुण्यात झालं, पण ते सरळ रेषेत कधी चाललंच नाही. शाळा बदलल्या, मधे खंड पडले, कॉलेजात गेल्यावरही नेमलेल्या पुस्तकांपेक्षा बाहेरचंच वाचन जास्त. बी.ए. व्हायला १८९० उजाडलं. म्हणजे पदवी हातात आली तेव्हा वय सत्तावीसच्या आसपास. आपल्या शाळा-कॉलेजातल्या अनुभवांवर त्यांनी पुढं एक लेख लिहिला. त्यात त्या काळच्या शिक्षणपद्धतीची त्यांनी चांगलीच सालटी काढली आहेत.

लग्न झालं होतं, पण बायको लवकरच वारली. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. थोडा काळ शिक्षकाची नोकरी केली, तीही सोडली. मग ‘भाषांतर’ नावाचं मासिक काढलं. जगातले चांगले ग्रंथ मराठीत आणायचे, हा त्यामागचा हेतू. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याचा ‘रिपब्लिक’ हा ग्रंथ त्यांनी मराठीत आणला तो याच काळात. मासिक काही वर्षं चाललं आणि बंद पडलं. इंग्रजी उत्तम येत असूनही आपण लिहिणार ते मराठीतच, असा त्यांचा निश्चय होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला. त्याची किंमतही मोजली, कारण परदेशातल्या विद्वानांना त्यांचं काम कळायला फार उशीर लागला.

सरकारी दप्तराला कुलूप

इतिहासासाठी हा माणूस वाडे का धुंडाळत बसला, हे समजायला त्या वेळची परिस्थिती बघावी लागते.

मराठ्यांचा पहिला सलग इतिहास लिहिला तो ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने. साताऱ्याला तो कंपनी सरकारचा रेसिडेंट होता. त्याचा ग्रंथ १८२६ साली निघाला. मेहनत खूप घेतली होती, यात शंका नाही. पण पुढची कित्येक वर्षं आपल्या मुलांना आपल्याच आज्या-पणज्यांचा इतिहास या एका साहेबाच्या पुस्तकातून शिकावा लागला. त्यातलं चूक काय, बरोबर काय, हे ठरवायचं कशावरून? त्यासाठी मूळ कागद पाहिजेत.

आणि मूळ कागदांचा सगळ्यात मोठा साठा, पेशवे दप्तर, तो पुण्यात सरकारच्या ताब्यात. हजारो रुमाल. पण अभ्यासकांना तिथं मोकळं फिरू देत नसत. त्या दप्तरात इनामांचे, वतनांचे, तहांचे कागद होते. ते लोकांच्या हाती लागले तर उद्या कोण कसला हक्क सांगत येईल, ही सरकारला धास्ती. शिवाय मराठ्यांच्या राज्याच्या आठवणी कुणी जाग्या केलेल्या त्यांना नकोच होत्या.

मग उरलं काय? खाजगी वाडे. पेशवाईत सरदार, कारकून, सावकार, वकील, देशमुख, कुलकर्णी या सगळ्यांच्या घरी पत्रं येत, जात आणि जपून ठेवली जात. राज्य गेलं, सरदारकी गेली, पण रुमाल माळ्यावर राहिले. सरकारचं दार बंद, तर लोकांचं दार वाजवायचं, असं राजवाड्यांनी ठरवलं.

वाईचं दप्तर

सुरुवात झाली ती सातारा जिल्ह्यातल्या वाईपासून. कृष्णेकाठी घाट, देवळं आणि जुने वाडे असलेलं हे गाव. तिथल्या एका जुन्या घराण्याच्या दप्तरात राजवाड्यांना पानिपतच्या काळातली पत्रं मिळाली. नुसती त्या काळाबद्दलची नव्हे, त्याच काळात लिहिलेली. लढाई १४ जानेवारी १७६१ ची, आणि तिच्या आधीच्या महिन्यांत छावणीतून निघालेली पत्रं सव्वाशे वर्षांनंतर हाती आलेली.

१८९८ साली ती त्यांनी छापली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा हा पहिला खंड. त्यात सदाशिवरावभाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेली पत्रं आहेत. गोविंदपंत हे बुंदेलखंडाकडचे मामलेदार. त्यांच्याकडं भाऊंची मागणी पैशाची, धान्याची आणि अब्दालीची रसद तोडण्याची. ही पत्रं ओळीने वाचत गेलं की, पानिपतावर तलवारीआधी पोटाची लढाई कशी चालली होती ते दिसतं. छावणीत माणसं आणि जनावरं मिळून लाखाच्या घरात तोंडं, वर थंडी, धान्य येण्याचे रस्ते बंद. डिसेंबरात गोविंदपंत स्वतःच मारले गेले आणि उरलीसुरली आशाही संपली.

तोपर्यंत पानिपत म्हणजे बखरीतली गोष्ट होती. बखरी लिहिल्या गेल्या नंतर, ऐकीव माहितीवर, कधीकधी कुणाला तरी खूष करायला. राजवाड्यांचा बखरींवर फार राग. तारखा चुकलेल्या, माणसं इकडची तिकडं, एका लढाईतली गोष्ट दुसऱ्या लढाईत. त्या मानाने त्या दिवशी लिहिलेलं चार ओळींचं चिटोरंही त्यांना मोलाचं वाटे. पहिल्या खंडाला त्यांनी लांबलचक प्रस्तावना जोडली आणि तिच्यात ग्रँट डफच्या चुका एकेक करून दाखवल्या.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. पानिपतच्या पराभवाचं खापर राजवाड्यांनी मल्हारराव होळकर आणि गोविंदपंत यांच्यावर फार कडकपणे फोडलं. पुढच्या इतिहासकारांनी, त्यात गो. स. सरदेसाई आणि त्र्यं. शं. शेजवलकर ही मोठी नावं आहेत, हा निवाडा जसाच्या तसा मान्य केला नाही. पण गंमत अशी, की राजवाड्यांचं म्हणणं खोडायलाही राजवाड्यांनीच छापलेली पत्रं उघडावी लागतात.

वाड्याच्या दारात

कागद आहेत हे कळलं म्हणजे ते मिळाले असं नाही. खरी कसोटी वाड्याच्या उंबऱ्यावर असायची.

मालकांना भीती वाटत होती, आणि ती भीती खोटी नव्हती. इंग्रज सरकारने १८५२ साली कायदा करून इनाम कमिशन बसवलं होतं. इनाम कधी मिळालं, कुणी दिलं, सनद दाखवा, असा तो सगळा कारभार. ज्यांच्याकडं कागद नव्हते किंवा कमिशनला पटले नाहीत, त्यांच्या जमिनी गेल्या. ही आठवण घराघरांत ताजी होती. त्यामुळं कुणी अनोळखी माणूस जुने कागद बघायला मागतोय म्हटल्यावर पहिला संशय यायचा तो सरकारी माणसाचा.

दुसरी भीती भाऊबंदकीची. वतनाच्या वाटणीचा कागद बाहेर पडला आणि त्यात धाकट्या पातीचा हिस्सा जास्त निघाला तर? आज सातबाऱ्यावरच्या एका नावासाठी भाऊ भाऊ कोर्टात जातात, तेव्हाही तेच होतं. त्यापेक्षा रुमाल बांधलेलाच बरा, असा हिशोब.

आणि तिसरी अडचण म्हणजे बेफिकिरी. नव्या पिढीला मोडी वाचता येईना. वाचता येत नाही तो कागद म्हणजे रद्दी. वाळवीने, कसरीने, उंदरांनी खाल्लं ते वेगळंच. पण माणसांनीही कमी नासधूस केली नाही. कुठं रुमाल वाण्याकडं पुड्या बांधायला गेले, कुठं चुलीत गेले, कुठं पावित्र्य राखायचं म्हणून नदीत सोडले. राजवाडे पोचण्याच्या आधी किती घरांतला इतिहास असा संपला, त्याची मोजदाद कुणाकडंच नाही.

अशा घरांत जाऊन बसायचं. मालकाशी ओळख काढायची, त्याच्या घराण्यातल्या कर्त्या पुरुषांबद्दल त्यालाच माहीत नसलेलं काही सांगायचं, विश्वास बसू द्यायचा. नाही म्हटलं तर पुन्हा यायचं. हात हलवत परतायची तयारी ठेवायची. राजवाड्यांचा स्वभाव एरवी तापट, शब्दाला शब्द लावणारा. पण कागदासाठी ते कितीही खेटे घालत. सोबत सामान बेताचं, स्वयंपाक स्वतःच्या हाताने. कुणाच्या घरी पाहुणचाराचं ओझं नाही, की उपकाराचं बंधन नाही. कुठलं सरकारी अनुदान नव्हतं की पगार नव्हता.

अर्थात या कामात ते एकटे नव्हते. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे शाळेत शिकवता शिकवता पटवर्धन सरदारांची दप्तरं वाचत होते आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापत होते. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस होते. वाईजवळ मेणवलीला कृष्णाकाठी नाना फडणिसांचा वाडा आहे. ‘स्वदेस’ सिनेमा ज्या मेणवलीत चित्रित झाला तीच ही. वसईच्या लढाईत मराठ्यांनी आणलेली पोर्तुगीजांची घंटा तिथं घाटावर आहे, ती बघायला लोक जातात. पण त्या वाड्याची खरी दौलत होती नानांची कागदपत्रं, आणि ती पारसनिसांच्या हाती आली. पारसनिसांचं इंग्रज अधिकाऱ्यांशी चांगलं जमे, दारं त्यामुळं उघडत. राजवाड्यांना तो रस्ता कधीच मानवला नाही. त्यांची चाल पायी, आणि दारं उघडायची ती लोकांची.

मोडी वाचायची म्हणजे

रुमाल सुटला, की पुढचं काम सुरू. हे काम किती किचकट, याची कल्पना मोडीचा एक कागद समोर धरल्याशिवाय यायची नाही.

बोरूने लिहिलेली काळी शाई. हात न उचलता लिहायची पद्धत, त्यामुळं अक्षरं एकमेकांत गुंतलेली. दोन शब्दांमधे जागा नाही, पूर्णविराम नाही, परिच्छेद नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. एकच अक्षर दहा कारकून दहा तऱ्हेने काढणार. मजकूर लांबला, की एका कागदाला दुसरा कागद खळीने चिकटवत जायचं, त्यामुळं पत्र उलगडायला लागलं की हातभर, दोन हात, कधी त्याहून लांब पट्टी निघते. जोड सुटले असतील तर कुठला तुकडा कुठल्या पत्राचा, हेही जुळवत बसायचं.

त्यात तारखेचा घोळ. बहुतेक पत्रांवर सालच नसायचं. नुसतं ‘छ ५ रजब’ एवढंच. यातला छ म्हणजे चंद्र, म्हणजे रजब महिन्याचा पाचवा चंद्र. पण कुठल्या वर्षीचा रजब? ते पत्रातल्या मजकुरावरून ओळखायचं. पत्रात कुठल्या सरदाराचा मृत्यू आला आहे का, फौज कुठल्या नदीकाठी उतरली आहे, ग्रहणाचा उल्लेख आहे का, नदीला पूर होता का, असे धागे जुळवत साल ठरवायचं.

जिथं साल दिलेलं असे तिथंही ते सरळ नसे. सुहूर सन म्हणून एक कालगणना मराठी कारभारात चालायची. तिचे आकडे अरबी शब्दांत लिहीत, आणि तेही उलट क्रमाने, आधी एकक. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार. म्हणजे सुहूर ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो, १७६० नाहीतर १७६१. शेतकऱ्याला जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे, हे वर्ष सुरू व्हायचं मृग नक्षत्राला. म्हणून त्याला मृगसालही म्हणत. राज्याचा हिशोब पेरणीपासून धरायचा, यात शहाणपण होतंच.

आणखी एक दुखणं म्हणजे बनावट कागद. वतनाच्या भांडणात खोटी सनद तयार करण्याची कला आजची नाही, तेव्हाही होती. कागदाची जात, शाई, अक्षराचं वळण, शिक्का, शेवटी उठवलेली मोर्तब, आणि पत्रातली नावं त्या साली खरोखर हयात होती का, हे सगळं तपासून खरं-खोटं करायचं. मोर्तब म्हणजे मजकूर संपल्याची खूण. तिच्या खाली कुणी नंतर दोन ओळी घुसडू नयेत म्हणून ती.

एवढं झाल्यावर बालबोध अक्षरात नक्कल, मग छापखाना, मग पैशाची ओढाताण. कोल्हापूरच्या विष्णु गोविंद विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाला’ या मासिकाने त्यांच्या छपाईला मोठा हात दिला. वीसेक वर्षांत साधनांचे २२ खंड निघाले. एका माणसाने, पगाराविना, एवढं काम केल्याची उदाहरणं फार थोडी.

उंदराने पळवलेली वात

या खंडांत नुसत्या लढायाच असतील असं वाटत असेल तर तसं नाही. गावच्या निवाड्यांचे महजर आहेत, वतनाची भांडणं आहेत, देणीघेणी आहेत, देवस्थानांची इनामं आहेत.

आठव्या खंडात शिवाजी महाराजांचं एक पत्र आहे. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळातलं. चिपळूणजवळ हलवर्ण इथं पागेची छावणी पडली होती, तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते लिहिलेलं. पावसाळ्यासाठी दाणावैरण जपून वापरा, आताच उधळलीत तर पुढं घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही गावात शिरून कुणाचं धान्य, कुणाचा भाजीपाला, कुणाचं गवत उचलाल. असं झालं तर रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय. पुढं तर महाराज थेट दिव्याच्या वातीपर्यंत येतात. रात्री दिवा तसाच ठेवून झोपू नका, उंदीर जळती वात पळवून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल, आणि एकदा गवत गेलं की घोडी वाचायची नाहीत.

ज्याच्या घरी कडब्याची गंज आहे त्याला या पत्राचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. एवढ्या मोठ्या राजाला उंदराची आणि वातीची काळजी होती, हे बखरीत नाही सापडत. ते कागदातच सापडतं. हे पत्र आज शाळेच्या भाषणांतून आणि व्याख्यानांतून हजारदा सांगितलं जातं. कागद टिकला आणि वेळेत छापला गेला, म्हणून.

उलटं उदाहरण ज्ञानेश्वरीचं. बीड जिल्ह्यातल्या पाटांगणला राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ही सगळ्यात जुनी प्रत, असं त्यांचं मत. १९०९ साली त्यांनी ती छापली आणि तिच्या भाषेचं व्याकरणही लिहिलं. नंतरच्या अभ्यासकांना तिच्या जुनेपणाबद्दल शंका आल्या. पण शंका फेडायची कशी? मूळ पोथी पुढं कुणाला सापडलीच नाही. तिचं काय झालं याच्या नाना कथा सांगितल्या जातात, त्यात राजवाड्यांनी रागाच्या भरात ती नष्ट केली अशीही एक आहे. खरं काय ते असो, आज हातात आहे ती फक्त छापील प्रत.

मंडळ निघालं, आणि सुटलंही

एकेका माणसाने किती फिरायचं? कागद जमा करायला, ठेवायला, चर्चा करायला कायमची जागा पाहिजे, हे राजवाड्यांना पटलं होतं. ७ जुलै १९१० ला पुण्यात सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साथीने त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. वाड्यावाड्यांतले रुमाल आता एका छपराखाली येऊ लागले. हे मंडळ आजही पुण्यात आहे आणि महाराष्ट्रभरचे अभ्यासक तिथं जातात.

पण संस्था काढणं वेगळं आणि संस्थेत राहणं वेगळं. राजवाड्यांचा स्वभाव चारचौघांत मिसळून चालणारा नव्हता. मत एकदा बनलं की मागं फिरणं नाही, आणि समोरच्याला दुखवायला मागंपुढं बघणं नाही. कार्यकर्त्यांशी खटके उडाले आणि स्वतःच उभ्या केलेल्या मंडळातून ते बाजूला झाले.

त्यांच्या लिखाणाचीही एक बाजू झाकून ठेवण्यासारखी नाही. कागदापुरते ते कमालीचे चोख. पण समाजावर, जातींवर लिहायला लागले की त्यांची लेखणी पूर्वग्रहाने वाकडी जाई. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाबद्दल त्यांनी मंडळाच्या प्रकाशनात हिणकस मजकूर लिहिला, तेव्हा प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९१८ साली ‘कोदंडाचा टणत्कार’ हे पुस्तक लिहून त्यांना सडेतोड उत्तर दिलं. ब्राह्मणेतर समाजात त्यांच्याबद्दल जो राग होता तो उगाच नव्हता. पत्रं छापणारे राजवाडे आणि प्रस्तावना लिहिणारे राजवाडे, ही दोन माणसं आहेत असं समजून वाचलं तर बरंचसं कोडं सुटतं.

धुळ्याचे दिवस

पुणं सुटल्यावर त्यांचा मुक्काम जास्त करून धुळ्यात. धुळ्याशी त्यांचे धागे जुने होते. समर्थ रामदासांची हस्तलिखितं गावोगावच्या मठांतून गोळा करणारे शंकर श्रीकृष्ण देव धुळ्याचेच. राजवाड्यांच्या कामाची कदर करणारी माणसं या शहरात भेटली.

उतारवयातही काम तसंच. १९२२ साली ‘राधामाधवविलासचंपू’ छापला. शहाजीराजांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये या कवीचं हे काव्य, आणि त्याला राजवाड्यांची भली मोठी प्रस्तावना. शहाजीराजे म्हणजे नुसते शिवाजी महाराजांचे वडील नव्हेत, त्यांचाही स्वतंत्र मोठा दरबार होता, हे लोकांपुढं ठळकपणे आलं. १९२४ साली उत्तर कोकणचा इतिहास सांगणारी ‘महिकावतीची बखर’ छापली. म्हणजे बखरींवर आयुष्यभर तुटून पडलेल्या माणसाने शेवटी एक बखरच जपून संपादित केली. तीही अर्थात चाळून, तपासून.

शेवटच्या वर्षांत त्यांचं लक्ष कागदांवरून शब्दांवर गेलं होतं. कागद वाळवी खाते, पण बोलीतला शब्द आणि गावाचं नाव माणसाच्या तोंडी राहतं, आणि त्यातही इतिहास दडलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. कुठलं गाव कुणी वसवलं, कुठल्या झाडावरून, नदीवरून नाव पडलं, कुठली वस्ती कुठून आली, हे ते गावांच्या नावांवरून शोधत. खानदेशातल्या खेड्यांच्या नावांच्या याद्या त्यांनी केल्या. मराठीतला एकेक धातू, एकेक नाम कुठून आलं याच्या टिपणांचा ढीग साठला. त्यातल्या कित्येक व्युत्पत्त्या आजच्या भाषाशास्त्रात टिकत नाहीत. पण शेतावर, बाजारात, स्वयंपाकघरात बोलले जाणारे जे शब्द त्यांनी टिपून ठेवले, त्यातले बरेच आता ऐकूही येत नाहीत.

३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच त्यांचं निधन झालं. मागं बायको नाही, मुलंबाळं नाहीत, घरदार नाही. मागं राहिले ते कागद. आयुष्यभर लोकांच्या माळ्यावरचे रुमाल सोडवत गेलेल्या माणसाचे स्वतःचेच रुमाल आता कुणीतरी सोडवायचे होते.

धुळ्याच्या लोकांनी ते काम लांबवलं नाही. भास्कर वामन भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केलं, आणि ती टिपणं, कागद, पोथ्या तिथं जमा झाल्या. त्या टिपणांवरून कृ. पां. कुलकर्ण्यांनी १९३७ साली धातुकोश आणि १९४२ साली नामादिशब्दव्युत्पत्तिकोश तयार करून दिला. मधल्या काळात, १९३० पासून, सरदेसायांच्या देखरेखीखाली पुण्याच्या पेशवे दप्तरातले निवडक कागद छापायला सुरुवात झाली आणि चार-पाच वर्षांत त्याचे ४५ भाग निघाले. ज्या दाराला कुलूप होतं म्हणून राजवाडे वाड्यावाड्यांत फिरले, ते दार किलकिलं झालं तेव्हा त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती.